एका पायावरचा बगळा: लॅम्प म्हणून पारखायचा की शिल्प म्हणून?

प्रश्न असा आला आहे: "हॉलच्या कोपऱ्यासाठी एक फ्लोअर लॅम्प पाहून ठेवला आहे. पुरुषभर उंचीचा फायबरचा बगळा, एका पायावर उभा, आणि चोचीत धरलेली कापडी शेड. मोजक्याच प्रती काढल्या आहेत, तळाशी क्रमांक आणि कलाकाराची सही आहे. किंमत आमच्या सोफ्याएवढी. मुलगी म्हणते ही कलाकृती आहे. सासूबाई म्हणतात, एवढ्यात अख्ख्या घराचे दिवे होतील. हा फर्निचर समजून पारखायचा की कला समजून? आणि घ्यावा का?"

आधी सासूबाईंचं ऐकू, कारण त्यांचं गणित चुकलेलं नाही. नऊ वॅटचा बरा एलईडी बल्ब आठ-नऊशे ल्युमेन (उजेडाचं माप) देतो, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बपेक्षा काकणभर जास्तच, आणि तो कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दीडशे-दोनशे रुपयांत मिळतो. उजेड आता इतका स्वस्त झाला आहे की महागड्या लॅम्पच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य. तुम्ही पैसे मोजणार ते बगळ्याचे. तेव्हा बगळ्यात काय आहे तेच बघायला हवं.

फर्निचर की कला, हा वाद मी गिऱ्हाइकांना खरेदीच्या वेळी बाजूला ठेवायला सांगते. वाद फालतू आहे म्हणून नाही. त्यावर कोर्टकज्जे झालेत, कस्टमवाल्यांनी डोकी खाजवलीत, त्याकडे पुढे येते. पण दुकानात उभं राहून निर्णय घ्यायला तो काही कामाचा नाही. त्याऐवजी एक विचारा: या लॅम्पमधली गंमत नक्की कुठे बसली आहे? ती वजन उचलतेय, वायर सांभाळतेय, उजेड वळवतेय, की नुसती फुकट वर चढून बसली आहे? मनातल्या मनात गंमत काढून टाका. लॅम्प कोसळला, वायर लोंबली, उजेड डोळ्यात घुसला, तर ती गंमत कामाची. काहीच बिघडलं नाही, तर ती वरून चिकटवलेली.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण घेणारा लॅम्प मला एकच माहीत आहे, म्हणून त्याच्यावर जरा रेंगाळते. मिलानच्या आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या भावांनी १९६२ साली फ्लॉस कंपनीसाठी तोयो नावाचा फ्लोअर लॅम्प केला. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गॅरेजमध्ये कुणीतरी रविवारी सकाळी जमवलेला जुगाड आहे. वर मोटारीच्या हेडलाइटच्या जातीचा थोराड रिफ्लेक्टर बल्ब, तोंड छताकडे. त्याला शेड नाही, झाकण नाही. मध्ये बारीक दांडा. मासे पकडायच्या गळाच्या काठीला दोरा ओवायला कड्या असतात ना, तशाच कड्या या दांड्याला, आणि त्यांतून ओवलेली वायर खाली येते. बुडाशी ट्रान्सफॉर्मर, उघड्यावर ठेवलेला.

आता एकेक वस्तू काढून बघा. हा बल्ब अमेरिकेतला, कमी व्होल्टेजवर चालणारा. युरोपातली वीज त्याला थेट देता येत नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागणारच होता. दुसऱ्या कुणी तो एखाद्या सुबक डब्यात दडवला असता. या भावांनी तो तळालाच बसवला, कारण ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि उंच लॅम्पला बुडाशी वजन लागतंच. एका लोखंडी गठ्ठ्याने दोन कामं केली. ट्रान्सफॉर्मर काढा, बल्ब चालणार नाही आणि लॅम्प आडवा होईल. कड्यांचंही तसंच. या लॅम्पची उंची कमीजास्त करता येते, म्हणजे वायर कधी ताणली जाणार, कधी सैल पडणार. ती सैल वायर दांड्यालगत धरून ठेवायचं काम गळाच्या कड्यांचं. बघणारा हसतो ते या वस्तू ओळखू येतात म्हणून. पण हसून झाल्यावर लक्षात येतं की यातलं काहीच बदलता येत नाही.

कलेच्या इतिहासाशी याचा धागा सरळ आहे. फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने १९१३ मध्ये सायकलचं चाक स्टुलावर उलटं बसवलं आणि पुढे अशा आयत्या वस्तूंना कलाकृती म्हणून उभं केलं. त्याने वस्तूचं काम काढून घेतलं, कास्तिल्योनींनी तिला दुसरं काम लावलं. ट्रॅक्टरच्या सीटचं त्यांनी केलेलं स्टूल त्याआधीचं, १९५७ चं. त्यामुळे तोयो संग्रहालयातल्या चौथऱ्यावर जितका शोभतो तितकाच वाचनाच्या खुर्चीमागेही. माझ्या मते हल्ली "फर्निचर आणि कला यांच्या सीमेवर" म्हणून विकल्या जाणाऱ्या लॅम्पपैकी फार थोडे याच्या जवळपास पोचतात.

एक बारीक अडचण मात्र आहे आणि ती या जातीच्या सगळ्याच लॅम्पना आहे. बल्ब बदलला की विनोद हलतो. एलईडी आल्यावर एवढ्या दांडग्या ट्रान्सफॉर्मरची विजेला गरजच उरत नाही, तळहाताएवढा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज देणारी डबी, पुरतो. वजन मात्र लागतंच. मग ते वजन कशाचं दाखवायचं? ट्रान्सफॉर्मरसारखा दिसणारा पोकळ ठोकळा ठेवला तर जिथे खरेपणा होता तिथे नाटक येतं. जुन्या लॅम्पला एलईडी बसवून देणारे मिस्त्री या प्रश्नाचा विचार करत नाहीत, त्यांच्या दृष्टीने तो सुटलेला असतो.

दुसऱ्या टोकाला घोडा. स्वीडनच्या फ्रंट या स्त्री-डिझायनरांच्या गटाने २००६ मध्ये नेदरलंड्सच्या मोई कंपनीसाठी खऱ्या मापाचा काळा घोडा केला आणि त्याच्या डोक्यावर लॅम्पशेड ठेवली. सोबत सशाचा टेबल लॅम्प आणि डोक्यावर ताटासारखं टेबल घेतलेलं डुक्कर. तुमच्या बगळ्याचे हे थोरले भाऊबंद. आपली परीक्षा इथे लावली तर घोडा सपशेल नापास. घोडा काढून घ्या, शेड छताच्या हुकाला टांगा, उजेड तसाच पडेल. पण मग इतके लोक तो का घेतात, हॉटेलच्या लॉबीत का उभा करतात? कारण इथे नायक घोडा आहे, दिवा निमित्त. तुमच्या दिवाणखान्यात घोडा उभा आहे आणि तो तुम्हाला चहाच्या वेळी बल्ब धरून देतो, हे दृश्यच त्याचं काम. त्याला लॅम्प म्हणून तोलणं अन्यायाचं आहे.

अशा लॅम्पसाठी दुसरी परीक्षा लागते, आणि ती मला परदेशातून आणावी लागली नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिव्यांचं दालन आहे. तिथल्या दीपलक्ष्मींसमोर थोडा वेळ काढा. उभी स्त्री, दोन्ही हातांच्या ओंजळीत पणती. रचना तीच: आकृती आणि तिने धरलेला दिवा. पण ओंजळ छातीच्या किंवा पोटाच्या उंचीवर असते आणि ज्योत खालून वर उजेड टाकते. म्हणजे दिवा लागला की पहिला उजळतो तो तिचाच चेहरा, हनुवटीकडून कपाळाकडे. विझलेल्या दीपलक्ष्मीचा आणि तेवत्या दीपलक्ष्मीचा चेहरा वेगळा दिसतो. दालनात त्या विझलेल्याच असतात, त्यामुळे ही कल्पना आपल्याला करावी लागते, पण घरी पितळेची लहान मूर्ती असेल तर दिवा लावून खात्री करा. दिवा आणि आकृती एकमेकांसाठी काहीतरी करतात. म्हणून दुसरी परीक्षा अशी: दिवा लावल्यावर आकृतीवर काय पडतं? उजेडाने तिच्यात काही फरक पडतो का, की ती नुसती खांब होऊन अंधारात उभी राहते?

दोन्हींत नापास झालेल्या वस्तूंचा बाजारात सुकाळ आहे. राळेचं माकड, राळेचं हरीण, अंगावर कुठेतरी होल्डर ठोकलेला. त्यांना कला म्हणा किंवा फर्निचर, ती बल्ब लावलेली खेळणी आहेत. लहान मुलांच्या खोलीत खुशाल ठेवावीत, तिथे ती छान दिसतात.

या दोन टोकांच्या मध्ये बरेच खेळ खेळून झाले आहेत. इटलीच्या गाएतानो पेशे या डिझायनरने १९७०-७१ च्या सुमारास मोलोख नावाचा लॅम्प केला. नॉर्वेच्या याक याकोबसेनचा १९३७ चा लुक्सो हा टेबलावरचा स्प्रिंगवाला लॅम्प आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या रूपात पाहिलेला आहे. पेशेने तोच, भाग न भाग, दोन मीटरहून उंच केला. बदललं ते फक्त माप, पण त्या लॅम्पशेजारी बसलेला माणूस टेबलावरची टाचणी होऊन जातो. मिलानमध्ये १९८१ साली मेम्फिस या डिझायनरांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन झालं त्यात मार्तीन बेदँचा सुपर लॅम्प होता: अर्धवर्तुळाकार अंग, त्यावर ओळीने उघडे रंगीत होल्डर, खाली चाकं. वायर धरून कुत्र्यासारखा मागे ओढत न्यायचा. त्याच प्रदर्शनातल्या एत्तोरे सॉत्सासच्या एका दिव्याचं नाव अशोक होतं. सॉत्सास १९६१ मध्ये भारतात हिंडून गेला होता. हे लॅम्प मला आवडतात, पण त्यांच्याखाली बसून कुणी वाचत असेल असं वाटत नाही. आणि हा सगळा आजकालचा खूळ आहे असंही नाही. चित्रकार साल्वादोर दाली आणि त्याचा आश्रयदाता एडवर्ड जेम्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर शॅम्पेनच्या भल्यामोठ्या पेल्यांची चळत रचून उभा लॅम्प करून घेतलाच होता.

इसामु नोगुचीबद्दल मात्र दोन वाक्यांत आटपणार नाही. हा मुळात शिल्पकार. १९५१ मध्ये जपानच्या गिफू गावी गेला, तिथले लोक तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद आणि बांबूच्या कामट्या वापरून कंदील करायचे. त्याच कारागिरांकडून त्याने अकारी नावाचे कागदी दिवे करून घ्यायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत करत राहिला, टेबलावरच्या वीतभर दिव्यापासून माणसाहून उंच खांबांपर्यंत. लाकडी साच्यावर कामटी गुंडाळायची, वर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळल्यावर आतला साचा तुकड्या-तुकड्यांनी काढून घ्यायचा. मग दिवा घडी होऊन सपाट खोक्यात बसतो. यात विनोद नाही, प्राणी नाही, आयती वस्तू नाही. कागद बल्बचा उजेड गिळतो आणि सगळ्या अंगाने परत सोडतो, त्यामुळे शिल्प कुठलं आणि उजेड कुठला हे वेगळं काढताच येत नाही. १९८६ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेचं दालन नोगुचीचं होतं. तिथे त्याने संगमरवराच्या घसरगुंडीसोबत हे कागदाचे दिवे मांडले. आपल्याकडे दिवाळीत ज्यांनी आकाशकंदिलाला पतंगी कागद लावलाय त्यांना त्यातलं मर्म पटकन कळेल.

आता कोर्टाकडे. तुमच्या मुलीला आणि सासूबाईंना दोघींनाही इथे दारूगोळा मिळेल.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९५४ मध्ये माझर विरुद्ध स्टाइन असा खटला आला. नाचणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या चिनी मातीच्या मूर्ती, टेबल लॅम्पचा बुंधा म्हणून विकल्या जाणाऱ्या. करणाऱ्यांनी त्यांची नोंदणी कलाकृती म्हणून केली होती, लॅम्प म्हणून नाही. दुसऱ्याने नक्कल केली आणि म्हणाला, लॅम्पच्या बुंध्याला कसला कॉपीराइट? न्यायालयाने सांगितलं की मूर्ती उद्योगात वापरली, तिच्यावर होल्डर बसवला, म्हणून तिचं कलाकृतीपण जात नाही. मुलगी जिंकली.

डॅन फ्लेविनचं उलट झालं. हा अमेरिकन कलाकार दुकानात मिळणाऱ्या साध्या ट्यूबलाइट भिंतीवर लावायचा, आणि त्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत. २००६ मध्ये लंडनच्या एका गॅलरीने त्याचं काम अमेरिकेहून आणलं तेव्हा ब्रिटिश कस्टमने त्याला दिव्यांचं सामान ठरवून पूर्ण कर मागितला. २००८ मध्ये तिथल्या लवादाने ते शिल्पच आहे असा निकाल दिला, म्हणजे कर कमी. आणि २०१० मध्ये युरोपीय आयोगाने नियम काढून तो फिरवला: आणलेली वस्तू ही दिव्याची जोडणीच. कारण असं दिलं की कलाकृती ती जोडणी नव्हे, ती चालू केल्यावर पडणारा उजेड. म्हणजे कस्टमच्या गोदामात बंद पडलेल्या अवस्थेत ती कला नाही! सासूबाई जिंकल्या. याची गंमत अशी की फ्लेविनने १९६३ साली तिरकी लावलेली ती प्रसिद्ध ट्यूब शिल्पकार ब्रांकुशीला अर्पण केली होती, आणि याच ब्रांकुशीच्या ब्राँझच्या पक्ष्याला १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या कस्टमने स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचं सामान या सदरात टाकून चाळीस टक्के कर लावला होता. ते प्रकरण १९२८ मध्ये कोर्टात ब्रांकुशीच्या बाजूने सुटलं.

आपल्याकडेही ही दोन खाती वेगळी आहेत. दिव्यांचं सामान ९४०५ या एचएसएन क्रमांकाखाली (करासाठी मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) येतं, मूळ शिल्पं ९७०३ खाली. तुमच्या बगळ्याच्या बिलावर कुठला क्रमांक आहे ते बघा. वायर, होल्डर आणि प्लग लावून विकलेली वस्तू शिल्प म्हणून दाखवली असेल तर विक्रेत्याला कारण विचारा. त्याचं उत्तर ऐकूनही बरंच कळतं.

प्रतींचा क्रमांकही नीट वाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १५ आहे. डिझाइन म्हणून नोंदता येण्यासारखी वस्तू असेल, पण तशी नोंद केलेली नसेल, तर मालकाने किंवा त्याच्या परवानगीने ती कारखानी पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन म्हणून नोंद केली तर संरक्षण दहा वर्षं, वाढवून पंधरा. तेव्हा काही कलाकार प्रती पन्नासच्या आत ठेवतात त्यामागे नुसती दुर्मीळतेची हौस नसते. तुमच्या बगळ्याच्या तळाशी चाळीसपैकी बारावा असं काही लिहिलं असेल तर प्रमाणपत्रावरही तेच आहे ना, आणि वेगळ्या रंगात आणखी चाळीस काढलेले नाहीत ना, हे विचारून घ्या. दुसऱ्या प्रश्नाने विक्रेते थोडे चुळबुळतात.

नकलेचा विषय निघालाच आहे तर आर्को. हाही कास्तिल्योनी बंधूंचा, १९६२ चाच. संगमरवराचा ठोकळा, त्यातून निघून दोन मीटरच्या आसपास पुढे झुकलेली पोलादी कमान, टोकाला अर्धगोल शेड. जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा पण छताला भोक पाडायचं नाही, हा प्रश्न त्याने सोडवला. याच्या नकलेवरून भांडण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं, २०११ मध्ये फ्लॉसच्या बाजूचा कौल आला. पण मला त्यातला कायदा नाही, ठोकळा महत्त्वाचा वाटतो. मूळ ठोकळा पासष्ट किलोच्या घरातला, कारण कमान जितकी पुढे झुकते तितकं मागे वजन हवं. त्याचे कोपरे मारलेले आहेत, येताजाता पायाला लागू नयेत म्हणून. आणि त्याला आरपार भोक आहे. नकला करणारे ते भोक शोभेचं समजतात, काही जण तर नुसती खळगी ठेवतात. ते आहे झाडूचा दांडा घालायला: दांडा आरपार सरकवला की दोन माणसं दोन्हीकडून धरून दिवा हलवतात. स्वस्त नकलेत ठोकळा हलका, म्हणून कमान आखूड, म्हणून उजेड टेबलाच्या मध्यावर पोचतच नाही. एक गोष्ट ढिली केली की पुढची आपोआप ढिली होते.

आता घरात आणून ठेवायच्या गोष्टी. यावर कुणी कॅटलॉगमध्ये बोलत नाही.

बुडाचा तोल घरच्या घरी तपासता येतो. असे दिवे सहा अंशांच्या उतारावर कलंडू नयेत अशी आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा असते. साठ सेंटिमीटरची फळी घ्या, एका टोकाखाली सव्वासहा सेंटिमीटरची पुस्तकं सरकवा, झाले सहा अंश. लॅम्प त्यावर चारी बाजूंनी फिरवून ठेवा, बगळ्याची चोच उताराकडे असताना विशेष करून. दुकानदार नको म्हणाला तर तोही एक निकालच. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर मी सहा अंशांवर थांबणार नाही.

शेडची खालची कड सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून एकशे दहा सेंटिमीटरच्या आसपास हवी. त्याहून बरीच वर असेल तर बसणाऱ्याला शेडच्या आतला बल्ब दिसतो आणि पाच मिनिटांत तो लॅम्प बंद करून टाकतो. पुरुषभर उंचीच्या बगळ्याच्या चोचीतली शेड नेमकी याच अडचणीत सापडते. उपाय आहे: शेडच्या तळाला दुधी ॲक्रिलिकची चकती, किंवा खालचा अर्धा भाग दुधी असलेला बल्ब. उजेडाचा रंग २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर, आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा वर. पांढऱ्या फटफटीत उजेडात फायबरचा बगळा बाथरूमच्या टबासारखा दिसेल, ही धमकी समजा.

छताकडे उजेड टाकणारा लॅम्प घेणार असाल, तोयोसारखा, तर आपल्या घरांत एक भानगड आहे जी इटलीत सहसा नसते: पंखा. लॅम्पचा झोत पंख्याच्या पात्यांतून छतावर गेला की सावल्या फिरायला लागतात. पंखा मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल आणि पाती तीन असतील तर सेकंदाला पंधरा वेळा उजेड तुटतो, आणि तेवढी लुकलुक डोळ्याला स्वच्छ जाणवते. वाचायला बसलेल्याचं डोकं धरतं. पंख्यापासून लांबचा कोपरा शोधा, किंवा वर उजेड टाकणारा लॅम्प हिवाळ्यापुरता मानून घ्या.

परदेशी लॅम्पला बहुधा आट्यांचा ई २७ होल्डर असतो. आता तसे बल्ब इथे सहज मिळतात, तेव्हा तो उखडून पिनवाला बसवायचा उद्योग इलेक्ट्रिशियनला करू देऊ नका. अमेरिकेहून कुणी नातेवाइकाने आणला असेल तर एकशेवीस व्होल्टचा ड्रायव्हर किंवा डिमर आत नाही ना ते आधी बघा. धातूचं अंग असेल तर तीन पिनांचा प्लग आणि खरं अर्थिंग, यात तडजोड नाही. कागदाची किंवा कापडाची शेड मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बुरशीचे ठिपके धरते आणि आतल्या बाजूला कसर लागते. जूनमध्ये लॅम्प झाकून ठेवणाऱ्यांची शेड आधी खराब होते. रोज तासभर लावणाऱ्यांची टिकते, कारण ती कोरडी राहते.

तुमच्या बगळ्याचं सांगायचं तर मी तो फोटोत पाहिला आहे आणि मला तो घोड्यापेक्षा उजवा वाटतो. उभ्या लॅम्पला पाय एकच असतो, आणि प्राण्यांमध्ये एका पायावर तासन्‌तास उभं राहणारा बगळा. म्हणजे आकृती निवडताना करणाऱ्याने लॅम्पचा विचार केला आहे. वायर त्याच पायातून पोकळीने खाली उतरत असेल तर उत्तमच. पाठीमागून चिकटपट्टीने आणली असेल तर मात्र माझे गुण कमी. मान वाकलेली आहे, त्यामुळे चोचीतली शेड छातीच्या पुढे येते आणि उजेड पिसांवर पडतो. दीपलक्ष्मीची परीक्षा तो पास होईल असं फोटोवरून दिसतंय, पण फोटो दुकानाच्या झगमगाटात काढलेला आहे. संध्याकाळी सात नंतर जा, आजूबाजूचे दिवे बंद करायला सांगा आणि फक्त तो लावा. तेव्हाही छातीवरच्या पिसांची नक्षी दिसत असेल आणि सासूबाईंना त्याच्या शेजारी बसून पेपर वाचता येत असेल, तर घ्या. नुसती सावलीच दिसत असेल तर सोफा चांगला आहे, त्यावर बसा.

घेतलाच तर बिल करतानाच शेड दोन मागून घ्या, एक बसवलेली आणि एक खोक्यात. बगळा तीस वर्षं टिकेल, कापड टिकणार नाही, आणि त्या मापाची शेड नंतर शिवून घ्यायला निघालात की शिंपी आणि लॅम्पवाला दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.